अर्ध्या तासाचं बाकडं

पेन्सिलीने लिहायची ती पुढच्या डोसची तारीख. पेनाने लिहायची ती डोस दिल्याची. पेन्सिल म्हणजे बोलणी, पेन म्हणजे लग्न, असं आमची काटेमावशी म्हणते. ती बाळांचं वजन करते, म्हणून काटेमावशी. मी सुई टोचते, म्हणून मला पोरं काय म्हणत असतील ते पोरांनाच ठाऊक.

कार्डाचे दोन भाग. एक आई घरी नेते. दुसरा माझ्याकडे राहतो, भिंतीवरच्या कापडी पिशवीत. पिशवीला बारा खिसे, बारा महिन्यांचे. बाळ ज्या महिन्यात परत यायचं, त्या खिशात त्याचं कार्ड.

डोस झाला की आईने बाळाला घेऊन बाकड्यावर अर्धा तास बसायचं. क्वचित एखाद्याला त्रास होतो, आणि झालाच तर बहुधा लगेच होतो, म्हणून नजरेसमोर ठेवायचं. बाकडं माझ्या टेबलाच्या समोरच आहे. एकतीस वर्षं मी त्याच्याकडे घड्याळाकडे बघावं तसं बघत आले. कुणाचा वेळ झाला, कुणाचा राहिला.

या वर्षी त्यावर माझी लेक येऊन बसली.

*

पेन्सिल: सहावा आठवडा, मंगळवार.
पेन: त्याच दिवशी.

"अकरा नंबर!" काटेमावशीने पुकारलं आणि मी मान वर केली तर समोर ती. तीन वर्षांनी. केस कानापर्यंत कापलेले. हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ, नवख्या आया धरतात तसं, काचेचं भांडं धरल्यासारखं.

"सिस्टर, कार्ड," ती म्हणाली.

दिवसातून शंभर वेळा ऐकते मी हा शब्द. कधी लागला नव्हता.

"घरी काय म्हणता हिला?" हे मी प्रत्येक आईला विचारते. ओळखीची हाक ऐकली की बाळ जरा निवतं. तेव्हा ही काही चोरी नव्हती.

"बटण."

"का?" हे मात्र मी प्रत्येकीला विचारत नाही.

"नाक बघा की."

बघितलं. खरंच बटण. शर्टाच्या कॉलरला असतं तेवढं.

मी कुपी उचलली. लेबल वाचलं, तारीख वाचली. लेकीने बाळाची मांडी मोकळी केली आणि माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या तक्त्याला विचारल्यासारखं विचारलं, "पाच रोगांचं एकाच सुईत? एवढ्याशा जिवाला झेपेल? शेजारच्या काकू म्हणतात, सुटं सुटं घ्या. दर आठवड्याला एक, असं."

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. दर आठवड्याला एक! ती स्वतःच्या तोंडाने मागत होती.

पण माझी जीभ माझ्या आधी कामाला लागते. हजारो आयांना सांगितलेलं तिने घडाघडा सांगून टाकलं. "घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ, आणि मेंदूज्वर नि न्यूमोनिया करणारा एक जंतू. हे पाच. प्रत्येकाचे तीन डोस. सुटं सुटं घ्यायचं म्हटलं तर पंधरा सुया, पंधरा खेपा, पंधरा रजा. आणि पंधरा खेपा कुणाच्या पुऱ्या होत नाहीत हो. कधी पाहुणे, कधी ताप, कधी नुसता कंटाळा. जी खेप राहिली, त्या रोगाला दार उघडं. झेपायचं म्हणाल तर ही दिवसभर मूठ चोखते ना? त्या मुठीवरच्या जंतूंपुढे हे पाच म्हणजे दर्या में खसखस. आणि सुटं सुटं आता कुणी ठेवतही नाही."

"बरं," ती म्हणाली.

सुई गेली. बटण एक क्षण गप्प राहिली, लालबुंद झाली आणि मग तिने सगळं केंद्र डोक्यावर घेतलं. एकदाच. पाचदा नाही.

मग मी चार गोष्टी सांगितल्या, सगळ्यांना सांगते त्या. कसली लस दिली. ताप येईल, मांडी सुजेल, चोळू नका. पुढच्या वेळी कधी यायचं. कार्ड जपून ठेवा.

पाचवी, मनातली, कुणालाच सांगत नाही. तिलाही नाही सांगितली.

*

बाकडं. दहा वीस ते दहा पन्नास. मध्ये सात बाळं टोचली, म्हणून तुटक तुटक दिसलं तेवढंच.

दहा वीस. बटण रडते आहे. लेक तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटते आहे.

दहा पंचवीस. पुटपुटत नाही, पाढे म्हणते आहे. सातचा. लेक लहानपणी रडू लागली की मी तिला सातचा पाढा म्हणून दाखवायची, कारण माझा स्वतःचाच तो कच्चा होता आणि अडखळले की ती हसायची.

दहा एकतीस. एका बाळाने माझ्या अंगावर शू केली.

दहा चाळीस. बटण झोपली. लेक माझ्या हातांकडे बघते आहे. मी बघितलं तर तक्त्याकडे बघते आहे.

दहा पन्नास. बाकडं रिकामं.

"गोड आहे हो नात," काटेमावशी वजनाच्या वहीतून डोकं न काढता म्हणाली.

"नंबर बोलव," मी म्हणाले.

*

पंधरा अर्धे तास म्हणजे साडेसात तास. तीन अर्धे तास म्हणजे दीड.

सहा तास मी माझ्याच तोंडाने घालवले. आणि बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

*

आमचं काय बिनसलं ते एकदाचं सांगते.

तिचं लग्न नोंदणी कार्यालयात ठरलं होतं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. नेमका तो पोलिओ मोहिमेचा दिवस. शेवटच्या वस्तीत चार पोरं राहिली होती. मी म्हटलं, चार पोरांना काय वेळ लागतो? पोचले तेव्हा कार्यालयाचा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. माझ्या जागी जावयाच्या मित्राने सही केली होती. माझ्या बोटांना अजून पोरांच्या करंगळ्या रंगवायची शाई.

लेकीने ती बोटं बघितली.

"झाली लोकांची पोरं रंगवून? घरी गेलीस की माझं कार्ड काढून बघ एकदा. तिसरा डोस कोरा आहे."

ते मला काढून बघायची गरज नव्हती. तिच्या वेळी पाच एकत्र नव्हते. मंगळवारी घटसर्प, डांग्या खोकला नि धनुर्वात या तिन्हींची एक, शुक्रवारी काविळीची, आणि शुक्रवार हा तेव्हा माझा फिरतीचा. तरी काविळीचे तिन्ही पुरे झाले तिचे. राहिला तो मंगळवारचा तिसरा. सव्वा वर्षाची असताना तिला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून निळी पडायची, आणि मग श्वास आत ओढताना तो आवाज. तीन महिने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात असा खोकत होता.

*

पेन्सिल: दहावा आठवडा, मंगळवार.
पेन:

बटण वाढली होती. काटेमावशीने वजन दोनदा वाचलं, आनंदाने. लेक खुर्चीवर बसली. "सिस्टर, हिला कालपासून सर्दी आहे. चालेल ना?"

ताप नव्हता. मी बघितला. छाती साफ. दूध पिते, हसते. बटणाच्या दोन्ही भोकांतून पाणी, एवढंच.

अशा सर्दीला डोस थांबवत नाहीत. या टेबलाशी शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या सिस्टरला मी हे घोटून घेतलं आहे. एकीला तर रडवलं आहे त्यावरून.

"सर्दी आहे," मी म्हणाले. "पुढच्या मंगळवारी या."

लेकीने मान डोलावली, बाळाला गुंडाळलं आणि गेली. अर्धा तासही नाही, पाच मिनिटांत. पण पुढच्या मंगळवारी येणार होती. आणि तिथून महिनाभराने पुन्हा. तीनाच्या चार खेपा झाल्या.

"सर्दीला कधीपासून सुट्टी द्यायला लागलात?" काटेमावशीने विचारलं.

"नंबर बोलव."

"बोलवते. पण मी नुसता काटा वाचते बाई, आंधळी नाही."

*

ते वाक्य माझं नव्हतं.

"सर्दी आहे, पुढच्या मंगळवारी या." दुसऱ्या एका सिस्टरने हे वाक्य माझ्या लेकीच्या वडिलांना ऐकवलं होतं. ते तिला खांद्यावर टाकून तिसऱ्या डोसला घेऊन गेले होते, आणि तसेच परत आले. पुढच्या मंगळवारी ते कामावर, मी मोहिमेवर. त्याच्या पुढच्या मंगळवारी आम्ही दोघंही विसरलो. पुढची गोष्ट वर येऊन गेली आहे.

*

अकरावा आठवडा, मंगळवार. साडेनऊपासून दाराकडे बघत होते. प्रत्येक बाळ बटण वाटलं. आली नाही.

बारावा आठवडा, मंगळवार. आली नाही. खिशातून तिचं कार्ड काढलं, बघितलं, ठेवलं. काढलं.

त्याच दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, बाजूच्या डॉक्टरांच्या खोलीतून एक खोकला आला. एक, दोन, तीन, दहा, मोजता येईनात इतके, आणि मग आत ओढलेला लांब श्वास. हातातली सुई मी ट्रेमध्ये ठेवली. तो आवाज एकदा ज्या आईने ऐकला ती जन्मात चुकत नाही.

एका शिवणवालीचं बाळ होतं. दोन महिन्यांचं, अजून एकही डोस न झालेलं. डॉक्टरांनी तिला लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. कागदावर तिचा पत्ता लिहायला मी होते. गल्ली लिहिली. घर लिहिताना हात थांबला.

माझ्या लेकीच्या समोरचं दार.

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझी फिरती असते. बर्फाच्या पट्ट्या लावलेला लसीचा डबा खांद्याला, हातात राहिलेल्या बाळांची यादी. बटण यादीत होती. तिच्या नावासमोर, "कारण" या रकान्यात, दोन आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेलं: सर्दी.

यादीत नऊ घरं होती. तिचं घर चौथं येत होतं. मी पहिलं केलं.

दार तिने उघडलं. बटण खांद्यावर.

"काय झालं?" सिस्टर नाही, आई नाही.

"डोस राहिलाय हिचा."

"राहिला नाही, थांबवलाय. तूच म्हणालीस ना, सर्दी असताना नको? अजून वाहतंय नाक. रोज सकाळी बघते मी. थांबलं की लगेच येणार होते." आणि मग जरा हळू, "दुसरं कुणी बोललं असतं तर चार जणींना विचारलं असतं. तू बोललीस म्हणून नाही विचारलं."

तू. तीन वर्षांनी मला तू म्हणाली ती, आणि ते असं.

"साध्या सर्दीला डोस थांबवत नाहीत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी खोटं बोलले."

"का?"

"त्या दिवशी दिला असता तर महिनाभर आली नसतीस. मला मधला एक मंगळवार हवा होता."

तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. समोरचं दार बंद होतं, कडीला कुलूप. डांग्या खोकल्याची बातमी कालच गल्लीभर झाली होती.

"परवा शिवणवालीने हिला मांडीवर घेतलं होतं," ती म्हणाली. "तिचं बाळ शेजारी खोकत होतं. मी म्हटलं, सर्दी असेल."

"ते डॉक्टरांना आजच सांगू. हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. एक डोस झालाय, तेवढं कवच आहे. दुसरा आत्ता देते. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून नाही घ्यावा लागत, राहिला तिथून पुढे."

"दे," ती म्हणाली. "आधी दे. भांडते मग."

खिडकीपाशी स्टूल होतं, पाठीवर ओले कपडे वाळत घातलेली एक खुर्ची होती. ती खुर्चीवर बसली, मी गुडघ्यांवर. ताप बघितला, छाती ऐकली, मांडी पुसली. बटण माझ्याकडे बघून हसली, कारण तिला अजून काही कळत नाही. मग रडली. एकदाच.

मी सुई टोपणाच्या डब्यात टाकली, कार्डावर पेनाने तारीख घातली, सही केली.

"झालं ना?"

"अर्धा तास थांबावं लागतं."

"हाही नियम खरा आहे की मनचा?"

"खरा आहे. केंद्रात भिंतीवर लावलाय."

ती हसली नाही. पण तिने स्टुलावरचं मासिक उचललं, म्हणजे मला बसता आलं.

*

खिडकीचा अर्धा तास.

पहिली दहा मिनिटं: नळ ठिबकत होता. या घरात मी पहिल्यांदा आले होते, आणि काय काय बघून घ्यावं ते सुचेना. फडताळात दुधाच्या बाटल्या उलट्या घातलेल्या, उंचीप्रमाणे. हे माझं. बाकी सगळं तिचं.

मग तिने विचारलं, "माझा तिसरा का राहिला होता? खरं सांग."

सांगितलं. दुसऱ्या सिस्टरचं वाक्य, तिच्या वडिलांचं परत येणं, मोहीम, विसरणं. काही झाकलं नाही.

"म्हणजे माझ्या वेळी जे झालं," ती सावकाश म्हणाली, "ते हिच्या वेळी तू करून ठेवलंस."

"हो."

"तुला माहीत असून."

"हो."

"आई, तू ना…" आणि ती थांबली. पुढचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. शिव्या असोत काही असो, त्याआधीचा शब्द मी धरून ठेवला आहे.

बटणने तेवढ्यात तिच्या खांद्यावर दूध काढलं. आम्ही दोघी एकदमच पुसायला धावलो. फडकं एकच होतं. तिने ओढून घेतलं.

अर्धा तास झाला तेव्हा मीच उठले. उरलेली आठ घरं होती, आणि नियम दोन्हीकडून नियम असतो.

*

कारण: ~~सर्दी~~
कारण: मी.

डॉक्टरांनी यादी वाचली, चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं. बटणला त्यांनी बोलावून तपासलं, खबरदारीचं औषध दिलं. मला म्हणाले, "एकतीस वर्षं, सिस्टर." एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

शिवणवालीचं बाळ तीन आठवड्यांनी परत आलं, हडकलेलं पण आलं. बटण खोकली नाही. रोज संध्याकाळी मी काटेमावशीला त्या गल्लीतून घरी जायला लावायची. तिला ते आडवाटेचं पडतं.

"खोकते का?"

"नाही. किंचाळते मात्र. तुमच्यावर गेलीये."

*

पेन्सिल: सतरावा आठवडा, मंगळवार.
पेन: त्याच दिवशी.

पहिला नंबर तिचाच. केंद्राचं दार उघडायच्या आधीच बाहेर उभी होती.

तिसरा डोस. डाव्या मांडीत. तोंडात थेंब. बटण आता हात मारते. माझा चष्मा पाडला तिने. मग रडली, एकदा, आणि ते तिचं या लसीचं शेवटचं रडणं.

मी सही केली. लेक वाकून बघत होती.

"तीन सह्या झाल्या तुझ्या," ती म्हणाली.

एक सही कुठे राहिली होती ते दोघींना माहीत होतं.

मग चार गोष्टी. कसली लस. ताप आला तर काय. कार्ड जपून. आणि पुढची खेप.

"पुढची नऊ महिने पुरे झाल्यावर," मी म्हणाले. "गोवराची."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत काही नाही."

"एकही नाही?"

एक डोळा तिच्याकडे, एक काटेमावशीकडे. काटेमावशी वहीत इतकी खाली वाकली होती की नाक शाईला लागलं असतं.

"एकही नाही," मी म्हणाले. "पाचांचं काम झालं."

ती बाकड्यावर जाऊन बसली. नऊ पाच ते नऊ पस्तीस. मी एकही मिनिट चोरून बघितलं नाही, सरळ बघितलं. बटणने मूठ चोखली. लेकीने सातचा पाढा म्हटला, आणि साती आठाला मुद्दाम अडखळली. बटणने तोंड उघडून तिच्याकडे पाहिलं.

नऊ पस्तीसला ती उठली. टेबलापाशी आली.

"सुटं सुटं घेतलं असतं तर पंधरा खेपा ना?"

"पंधरा."

"म्हणजे बारा वाचल्या."

"वाचल्या."

तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पिशवीचा बंद सरळ केला. मागे सात आया उभ्या होत्या, एकीच्या बाळाने भोकाड पसरलं होतं.

"बुधवारी ही अकरापर्यंत झोपते," ती म्हणाली. "नंतर जागी असते."

एवढं सांगून गेली. ये म्हणाली नाही. येऊ नको म्हणाली नाही.

कार्डाचा माझा भाग पाच महिने पुढच्या खिशात टाकायचा होता. हात तिथपर्यंत गेला, परत आला. कार्डाच्या तळाशी शेऱ्याची एक ओळ असते. बहुतेकांची कोरीच राहते.

मी लिहिलं: बुधवार, अकरानंतर.

पेन्सिलीने.